भोंग्याच्या खिशातला चमचा

"दोऽऽन सूप, एक कटलेऽऽट, पाव करपवून!"

ही आरोळी कानावर पडली की नवं गिऱ्हाईक दचकायचं आणि जुनं गिऱ्हाईक शांतपणे मांडीवर रुमाल पसरायचं. आरोळी मारणारा वेटर अंगाने म्हणाल तर काडी. कोपरांवर चकाकणारा काळा कोट, गळ्याशी वाकडा बो, आणि मान अशी बारीक की बो मानेवर आहे की मान बोवर, असा प्रश्न पडावा. "आई, एवढासा माणूस एवढा आवाज ठेवतो कुठे गं?" असं लहान मुलं विचारायची. त्याचं पाळण्यातलं नाव काहीतरी दुसरंच होतं, पण ते आता पाळण्यालाही आठवत नसेल. सगळं गाव त्याला भोंगा म्हणायचं. बायको खुशीत असली की "अहो" आणि बिघडली की "ओ भोंगे!"

हॉटेल जुनं होतं. जुनं म्हणजे आजोबा नातवाला घेऊन येणार आणि सांगणार, "मला माझ्या आजोबांनी याच टेबलावर बसवलं होतं," आणि नातू म्हणणार, "मग तेव्हापासून पुसलं नाही का?" संगमरवरी टेबलं, बूड झिजलेल्या वेताच्या खुर्च्या, काळे डाग पडलेले उंच आरसे. लांबुळक्या दालनाच्या टोकाला एक भिंत, आणि त्या भिंतीत उशीएवढी खिडकी. खिडकीला सरकती लाकडी फळी आणि खाली जस्ताचा पत्रा मारलेला कट्टा. कट्ट्याच्या अलीकडे भोंग्याचं राज्य, पलीकडे भटारखाना.

भोंग्याने ओरडायचं आणि आतून आचाऱ्याने तेच परत ओरडायचं, अशी तिथली रीत. "दोन सूप, एक कटलेट, पाव करपवून," असं आतून उत्तर आलं की ऑर्डर पोचली. उत्तर आलं नाही तर पोचली नाही, मग वेटरने खिडकी सोडायची नाही. आतला आवाज रिकाम्या घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा घुमायचा. तो आवाज भोंग्याच्या धाकट्या भावाचा.

दोघांचा बाप याच भटारखान्यात आचारी होता. त्याने थोरल्याला घसा दिला आणि धाकट्याला हात. "दोघं मिळून माझा एक धड पोरगा झालाय," असं तो जाता जाता म्हणून गेला. लोक हसले. बापालाही हसू आलं होतं, पण खोकल्यात गेलं.

तर हे दोघं भाऊ रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकमेकांशी बोलत होते, आणि कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

त्याचं कारण भोंग्याच्या खिशात होतं.

हॉटेलच्या जुन्या मालकाने, म्हणजे पहिल्या मालकाने, आणखी एक नियम घालून दिला होता. गिऱ्हाइकाने ताटली परत पाठवली तर वेटरने ती आधी स्वतः चाखायची, मगच खिडकीत ठेवायची. "गिऱ्हाईक देव असेल, पण देवालाही सर्दी होते," असं म्हणायचा तो. म्हणून प्रत्येक वेटरच्या वरच्या खिशात एक चमचा असायचा, रोज सकाळी धुतलेला, घडी घातलेल्या पांढऱ्या रुमालात गुंडाळलेला. ताटली परत आली की वेटर सगळ्यांसमोर रुमाल उलगडायचा, चमचा काढायचा, चाखायचा. बऱ्याचदा तिथेच निम्मं भांडण मिटायचं. गिऱ्हाईक म्हणायचं, "राहू दे, राहू दे, तेवढं काही नाही."

भोंगा तेव्हा ऐन भरात होता. एका दुपारी एक बडं गिऱ्हाईक पाहुणे घेऊन आलेलं. सोनेरी काड्यांचा चष्मा, आवाजात तूप. पाहुण्यांवर छाप पाडायची असली की असली माणसं काहीतरी परत पाठवतातच. "अरे ए, हे सूप आहे की समुद्र? घेऊन जा!" पाहुणे खो खो हसले. सगळं दालन वळून बघायला लागलं. भोंग्यालाही चेव आला. एवढे कान आयते मिळाल्यावर भोंग्याने वाजायचं नाही तर काय करायचं? त्याने वाडगा उचलला, खिडकीवर आदळला आणि पट्टी चढवून ओरडला, "सूप पऽऽरत! मीठ तोंडात धरवत नाऽऽही! आचाऱ्याला म्हणावं, चित्त कुठंय, लग्न ठरलंय की काय!"

दालन हसलं. चष्मेवाल्याने टेबलावर थाप मारली.

आतून उत्तर आलं नाही. फळी पूर्ण सरकली आणि धाकट्याचं घामेजलेलं तोंड खिडकीत आलं.

"चाखलंस का, दादा?"

"चाखलं की."

धाकट्याने त्याच्या खिशाकडे पाहिलं. रुमालाची सकाळची घडी जशीच्या तशी होती, कडक, चारही कोपरे जुळलेले. मग त्याने भावाच्या तोंडाकडे पाहिलं. मग वाडग्यात पळी बुडवून स्वतः एक घोट घेतला, आणि म्हणाला, "ठीक."

सूप बरोबर होतं. हे भोंग्याला धाकट्याच्या त्या एका शब्दावरूनच कळलं. त्याच्या कानाला तेवढं पुरे. पण पाहुणे बघत होते, चष्मेवाला बघत होता, आणि जीभ, जी एरवी सुटली की थांबायची नाही, ती टाळूला चिकटून बसली. दुसऱ्या दिवशी सांगू म्हणाला. दुसऱ्या दिवशी वाटलं, आता काय उकरून काढायचं. तिसऱ्या दिवशी वाटलं, तोच बोलेल आधी. अशा दुसऱ्या-तिसऱ्या दिवसांची मग वर्षं झाली.

राहायला दोघं एकाच इमारतीत, भोंगा वर, धाकटा खाली. जावाजावांचं गूळपीठ. पोरं तर कुठल्या घरात जेवली हे झोपताना आठवायची. फक्त हे दोन पुरुष. एकाच सतरंजीवर बसून पत्ते खेळतील, पण बोलतील भिंतीशी.

"वहिनी, यांना सांगा, पान टाका म्हणावं."

"अहो, भावोजी म्हणतायत, पान टाका."

"त्याला सांग, विचार करतोय."

"भावोजी, हे विचार करतायत."

"कशाने?"

"हे बघा," भोंग्याची बायको पत्ते खाली आपटायची, "मी काय टपाल खातं आहे? बापाने तुम्हाला एवढा घसा दिला, तो काय दोन सूप एक कटलेट करायला?"

पण खरं सांगायचं तर त्या दोन सूप एक कटलेटमध्येच सगळं होतं. मुलगी झाली त्या दिवशी भोंग्याने नुसतं "एक चहा" असं म्हटलं, तर आतून दोन चहा आले आणि एका बशीत साखरेचा खडा. धाकट्याचा पोरगा परीक्षेत आपटला त्या दिवशी आतून "तीन ऑम्लेट" असं उत्तर आलं ते इतकं खोल, की भोंगा दिवसभर हळू आवाजात ओरडला. हळू ओरडणं म्हणजे काय, हे त्यालाच ठाऊक. दमणूक, पित्त, रात्री बायकोशी झालेली कुरबुर, सगळं त्या खिडकीतून जायचं यायचं. सुट्टीच्या दिवशी मात्र दोघंही मुके. भोंगा गॅलरीत उभा राहायचा, खालून भांड्याचा आवाज आला की कान टवकारायचा, आणि बायको म्हणायची, "जा ना मग खाली. जिना पोत्यात भरून ठेवलाय का कुणी?"

"जाईन की."

"कधी? जिना पडल्यावर?"

होता होता जुना मालक गेला, त्याचा मुलगा गेला, आणि गल्ल्यावर नात बसायला लागली. ती दोन वेण्या घालून टेबलावर गृहपाठ करायची तेव्हापासून भोंगा तिला बेबीताई म्हणायचा. आता तिच्या वेण्यांचा आखूड बॉब झाला होता, तरी बेबीताई ती बेबीताईच. वाईट नव्हती. दर वाक्याआधी "काका, मी काय म्हणते" म्हणायची, आणि मग जे म्हणायची ते करायचीच.

आणि एक दिवस काठीला फोन बांधलेली एक पोरगी आली.

"हाऽऽय मंडळी! तर आज आपण आलोय शहरातल्या सगळ्यात जुन्या, म्हणजे अक्षऽऽरशः जुन्या, अशा एका जागी! ह्या खुर्च्या बघा! हे काका बघा! काका, ओरडा ना! नाही नाही, भिंतीकडे नको, माझ्याकडे बघून!"

"मग आत ऐकू कसं जाईल?"

"क्यूऽऽट!"

भोंग्याने भिंतीकडे बघूनच आरोळी ठोकली. आतून घागर घुमली. पोरगी नाचायचीच बाकी राहिली. तिने ते सगळीकडे टाकलं, वर मथळा, "मरण्याआधी जेवलंच पाहिजे अशी जुनी हॉटेलं". बेबीताईने फोन दाखवला तेव्हा भोंगा म्हणाला, "मरण्याआधी म्हणजे कुणाच्या? त्यांच्या की आमच्या?"

मग रांग लागली. पाठीवर पिशव्या अडकवलेली माणसं, ताटलीचे फोटो काढून सूप गार करणारी माणसं, "इथे म्हणे कुणी ओरडतं, ते कितीला असतं?" असं विचारणारी माणसं. तेवढ्या गर्दीत आरोळ्या एकमेकींच्या पायात यायला लागल्या. कटलेट मागणाऱ्याला पुडिंग गेलं. दोन नवे वेटर ठेवले होते, त्यांच्या आवाजाने तर मांजरही उठत नव्हतं. शेवटी बेबीताईने यंत्र आणलं. टेबलाजवळ बोट लावायचं, आत भटारखान्यात कर्रर्र करून चिठ्ठी बाहेर. गार हवेचं यंत्रही आणलं, आणि हवा पळते म्हणून खिडकीची फळी बंद झाली. ताटल्या आता बाजूच्या झुलत्या दारातून यायला लागल्या.

"काका, मी काय म्हणते," बेबीताई म्हणाली, "ऑर्डर यंत्रावरच जाऊ दे, पण तुम्ही आपले मधूनमधून ओरडत राहा. लोक त्यासाठी येतात हो."

"काय ओरडू?"

"काहीही. दोन सूप, एक कटलेट."

भोंगा बंद फळीसमोर उभा राहिला आणि ओरडला. फोन उंचावले. टाळ्या पडल्या. आतून उत्तर आलं नाही. ऑर्डरच खरी नव्हती, तर धाकटा उत्तर देणार कशाला? तो काही देखाव्यातला माणूस नव्हता. भोंगा जुन्या सवयीने खिडकीशी थांबून राहिला. उत्तर येईपर्यंत हलायचं नाही ना. मागून नवा वेटर म्हणाला, "काका, सरका, ट्रे लागेल."

त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं खऱ्या अर्थाने बंद झालं.

त्याच थंडीत धाकटा तापाने पडला. अंथरुणातून उठला तो निम्मा होऊन. एका संध्याकाळी त्याची बायको वर येऊन जावेपाशी बसली. "ताई, यांना हल्ली चवच कळत नाही. कॉफीत चार चमचे साखर घातली तरी म्हणतात, घालायची विसरलीस का? बोलू कुणाकडे?" पलीकडच्या खोलीत भोंगा पेपर वाचत होता. पेपर उलटा होता, पण वाचत होता.

आणि आठवडाभरात सूप परत यायला लागलं.

नवे वेटर ताटल्या घेऊन झुलत्या दाराकडे निघायचे. चमचा, रुमाल, असलं काही त्यांना माहीतच नव्हतं. पहिल्यांदा भोंग्याला वाटलं, आलं कुणीतरी सोनेरी चष्म्याचं. त्याने वेटरला अडवलं, रुमाल उलगडला, एक चमचा तोंडात घेतला.

मीठ. डोळ्यात पाणी येईल असं मीठ.

त्याने इकडेतिकडे पाहिलं. चहाच्या टेबलावर कढत पाण्याची किटली होती. त्याने त्या वाडग्यात पाणी ओतलं, ढवळलं, वर भटारखान्यातल्यासारखी मिऱ्याची चिमूट टाकली आणि वाडगा त्याच टेबलावर परत नेऊन ठेवला. "नवीन करून आणलंय, साहेब." साहेब प्याले. "आता कसं!" म्हणाले.

तेव्हापासून सूप म्हटलं की भोंगा पुढे. झुलत्या दाराशी टपून बसायचा. सूप आलं की ट्रे हिसकायचा, किटलीपाशी जायचा, चाखायचा, ओतायचा, चाखायचा. काही गिऱ्हाइकं म्हणायला लागली, सूप खारट. काही म्हणायला लागली, सूप पाणचट. एकाने तर लिहिलंच कुठेतरी, "या हॉटेलच्या सूपाला भरती-ओहोटी आहे." आत धाकट्याला यातलं काहीच कळत नव्हतं. वाडगे रिकामे होऊन येत होते, म्हणजे सूप बरोबर होतं. एवढी वर्षं जे केलं नव्हतं ते भोंगा आता दिवसातून चाळीसदा करत होता, आणि ज्याच्यासाठी करत होता त्याच्यापासून लपवून करत होता. त्याला वाटायचं, ह्याने फिटेल. फिटत मात्र काही नव्हतं, वाढत होतं.

एका दुपारी किटलीवर मागून हात पडला.

"काका," बेबीताई म्हणाली, "किती दिवस?"

किटलीच्या तोंडून वाफ तेवढी निघत राहिली.

"मी काय म्हणते, मी त्यांना घालवून देणार नाहीये. आतमध्ये एक स्टूल टाकते. दोन पोरं आलीयत नवीन, शिकलेली आहेत पण हात नाही. त्यांना हात शिकवू देत. पातेल्याला हात लावायचा नाही, एवढंच. मी आत्ताच बोलते."

दालन रिकामं होतं. जेवणं उरकली होती, चहाला वेळ होता. झुलत्या दाराआड बेबीताईचा आवाज बारीक बारीक यायला लागला, मग मध्येच घागर घुमली.

"माझ्या सूपात खोट? कोण म्हणतं?"

"गिऱ्हाइकं म्हणतात, काका."

"गिऱ्हाइकं! कुणी चाखलं? बाहेरच्या त्या दोघा बाहुल्यांनी? तुमच्या आजोबांचा नियम काय होता? वेटरने चाखल्याशिवाय ताटली खराब ठरत नाही. सांगा त्या वेटरला चाखायला."

आणि किती महिन्यांनी खिडकीची फळी करकरली. जस्ताच्या कट्ट्यावर वाफाळता वाडगा आला. त्यामागे धाकट्याचं तोंड. भोंग्याने त्याला समोरासमोर पाहून दिवस झाले होते. गाल बसले होते, भुवया मात्र तशाच, बापासारख्या.

"दादा."

एवढंच म्हणाला. भोंगा कट्ट्याशी आला.

"चाखून सांग. खरं सांग."

भोंग्याने खिशातून रुमाल काढला. या वेळी भावाला दिसेल असा, सावकाश, एकेक कोपरा उलगडला. चमचा कट्ट्याच्या उजेडात धरला. बुडवला. तोंडात घेतला.

समुद्र होता. सोनेरी चष्मेवाला जे खोटं बोलला होता ते इतक्या वर्षांनी खरं होऊन वाडग्यात आलं होतं.

धाकटा बघत होता. त्याच्या मागे बेबीताई उभी होती, तीही बघत होती. बेबीताईला किटली ठाऊक होती. भोंग्याच्या डोक्यात एकच विचार, की याच खिडकीत एकदा मी याला सगळ्यांसमोर खोटं पाडलं. आता परत?

"बरोबर आहे," तो म्हणाला.

"नक्की?"

"बाबांच्या हातचं."

धाकट्याचं तोंड असं उजळलं की भोंग्याला तिथल्या तिथे मरण आलं असतं तरी चाललं असतं. बेबीताईने तोंड उघडलं, भोंग्याकडे पाहिलं, आणि मिटलं. एवढ्या म्हाताऱ्या माणसाला खोटं कसं म्हणायचं, असं तिला वाटलं असणार. तिने म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

"ऐकलंत?" धाकटा तिच्याकडे वळला. एप्रनच्या गाठी सोडायला लागला. "ऐकलंत ना? मला काढायचंय तर सरळ काढा. माझ्या मिठाला नावं ठेवून काढू नका. स्टुलावर तुमच्या त्या पोरांना बसवा."

"काका, ऐका तरी..."

"चल रे, दादा. घरी."

दोघं भाऊ बरोबर घरी चालत गेले. बापाच्या पश्चात पहिल्यांदाच. धाकटा रस्ताभर बोलत होता. एवढं बोलणं त्याने कुठे साठवलं होतं कुणास ठाऊक. तापात काय स्वप्नं पडली, पोराने घरात पाय ठेवायचा बंद केलाय, जस्ताचा पत्रा एका कोपऱ्यात उचकटलाय तो कुणी ठोकत नाही. "आणि तुला आठवतं का, दादा, तुला मुलगी झाली तेव्हा तू एक चहा म्हणालास..." "साखरेचा खडा," भोंगा म्हणाला. दोघं हसले. कोपऱ्यावरच्या फळवाल्याने मान वळवून पाहिलं. भोंग्याला वाटलं, एवढ्याशा खोट्यात एवढं मोठं मिळत असेल तर खोटंच काय वाईट?

ते सुख महिनाभर पुरलं. धाकटा घरी बसणारा नव्हता. तो एका हॉटेलात लागला, चार दिवसांत परत आला. दुसरीकडे लागला, दोन दिवसांत. "सगळे एका माळेचे मणी," म्हणायचा. "तू सांग, दादा, माझ्या हाताला काय झालंय? बाकीच्यांचं जाऊ दे. तू चाखलंयस." आणि भोंगा सांगायचा. एकदा सांगितलं की पुन्हा पुन्हा सांगावंच लागतं. खोटं हे असं पाळलेलं जनावर, रोज खायला घाला. जावा एकमेकींकडे बघायच्या आणि घरची पातेली धाकट्याच्या हाती लागू द्यायच्या नाहीत.

एका सुट्टीला मात्र त्याने ऐकलं नाही. "आज दोन्ही घरं माझ्या हातचं जेवणार." सगळे खाली जमले. स्टू आला. मोठ्यांनी चमचे तोंडात घातले आणि माना हलवल्या, छान, वा, काय म्हणता. भोंग्याची नात, पाच वर्षांची, एक घास घेऊन थू करून ताटलीत थुंकली.

"शीऽऽ! आजोबा, मीठच मीठ!"

"गप गं," तिची आई म्हणाली.

"पण आहेच! सगळ्यांनी पाणी किती प्यायलं बघा!"

सगळ्यांसमोरचे पेले रिकामे होते. धाकट्याने एकेका पेल्याकडे पाहिलं. सर्वांत शेवटी भोंग्याच्या.

"दादा?"

भोंग्याने मान खाली घातली.

"तेव्हाही चाखलं नव्हतंस," धाकटा हळूच म्हणाला. "आणि त्या दिवशी खिडकीत... तेव्हाही चाखल्यासारखंच केलंस?"

"नाही रे. चाखलं होतं. खरंच चाखलं होतं."

धाकट्याने आपला चमचा खाली ठेवला.

"मग तर जास्तच वाईट," तो म्हणाला, आणि पातेलं उचलून आत गेला.

भोंगा दुसऱ्या दिवशी बेबीताईकडे गेला. स्टूल आत होतं, त्याच्यावर कांद्याची पोती ठेवली होती. "मी त्या दिवशी गप्प बसले, काका," ती म्हणाली. "चुकलंच माझं. पोती काढते मी. पण येतील का ते?" भोंगा तो निरोप घेऊन धाकट्याच्या दाराशी आला. दार धाकट्याच्या बायकोने उघडलं. आतून घागर घुमली, भिंतीशी बोलावं तशी.

"त्यांना सांग, ज्यांच्या तोंडाचा भरवसा नाही त्यांनी निरोप आणू नये."

तिने सांगितलं नाही. भोंग्याला ऐकू आलं होतं. पहिल्या अबोल्यात निदान खिडकी होती. आता हॉटेलातल्या त्या फळीवर आरसा बसवला होता, नवा कोरा, एकही डाग नसलेला, आणि लोक त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढायचे. भोंग्याला ओरडायला सांगणंही बेबीताईने बंद केलं. तिने आपण होऊन केलं, आणि त्याने का म्हणून विचारलं नाही.

मग एका दुपारी भोंग्याची बायको खालून वर आली. हातात ताटलीने झाकलेला वाडगा, आणि एक छोटी बशी.

"भावोजींनी दिलंय. सूप."

"काय म्हणाला?"

"म्हणाले, मीठ ज्याचं त्याने घालावं."

बशीत मीठ होतं. भोंग्याने कोट चढवला, बो लावला. सुट्टी होती तरी. खिशातला रुमाल उलगडला, चमचा काढला. सूपात कणभरही मीठ नव्हतं. बाकी सगळं होतं, हाडांचा उतरलेला रस, मिऱ्यांची धग, बापाच्या हातची ती गाजर विरघळेपर्यंत शिजवायची खोड. त्याने मिठाच्या बशीला हात लावला नाही. सावकाश एकेक चमचा घेतला.

"अळणी असेल ना?" बायको म्हणाली. "घाला की थोडं. सांगू का त्यांना, छान झालंय म्हणून?"

"नको."

तो उठला. गॅलरीत जाऊन जिन्याच्या तोंडाशी उभा राहिला. बो नीट केला. छाती भरून घेतली. आवाज आता पूर्वीसारखा राहिला नव्हता, मध्येच चिरायचा, पण इमारतीतली सगळी दारं उघडली.

"सूऽऽप चांगलं! मीठ नाऽऽही!"

खाली पळी पातेल्यावर वाजत होती. ती थांबली. भोंग्याने कान दिला. आता घागर घुमेल, आता घुमेल. नातीने खालून मान वर करून पाहिलं. शेजारणीने हात पुसत विचारलं, "काय झालं हो?"

पळी पुन्हा वाजायला लागली.

"चला आत," बायको म्हणाली. "राहिलेलं गार होतंय."

"थांब," भोंगा म्हणाला. "उत्तर आलं नाही अजून."

आणि तो तिथेच उभा राहिला, कठड्याला धरून, उत्तर येईपर्यंत न हलणाऱ्या वेटरसारखा. खाली बराच वेळ नुसती पळी वाजत राहिली.